रात्री घरातल्या घरात दोघांनी खेळायला काय सुचवाल?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. धागा काढावा की नाही असा विचार बरेच दिवस चालला होता, आज काढतेच.

आम्ही दोघंही नोकरी करतो. भांडण नाही, अबोला नाही, तक्रार म्हणावी असं काही नाही. पण रात्री मूल झोपलं की तो सोफ्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला आणि दोघांच्या हातात फोन. बोलणं होतं ते कामापुरतं: बिल भरलंस का, उद्या लवकर कोण निघणार, गॅलरीचा नळ गळतोय. लग्नाआधी आम्ही तासन्‌तास कागदावरचे खेळ, शब्दांचे खेळ असं काहीबाही खेळत बसायचो. मला ते पुन्हा हवंय.

अडचणी सांगते. मूल शेजारच्याच खोलीत झोपतं, त्यामुळे आरडाओरडा चालणार नाही. घर लहान आहे. "चल, आपण आपल्या नात्याबद्दल बोलू" म्हटलं की नवरा आकसतो. आणि हरणं त्याच्या फार मनाला लागतं. बाहेर फिरायला जा, सहलीला जा हे सगळं माहीत आहे. घरात, अर्ध्या तासात होईल आणि मनापासून हसू येईल असं काही सुचवा. स्वतः करून पाहिलेलं असेल तेच सांगा प्लीज, इकडून तिकडून गोळा केलेली लांबलचक यादी नको.

हुकूमाचं_पान

पत्ते काढा. दोघांसाठी सात-आठसारखा डाव नाही. तीस पानं, प्रत्येकी पंधरा, हुकूम बोलणाऱ्याने आठ हात करायचे, दुसऱ्याने सात. ज्याचे कमी पडले त्याची पानं पुढच्या डावात समोरचा ओढतो, आणि त्या ओढाओढीतच खरी मजा आहे. आवाज होत नाही, जागा लागत नाही. हरण्याचं म्हणाल तर डाव इतक्या पटापट होतात की मागचा लक्षातही राहत नाही.

रंगपीठ

निळी शाई, "हरणं मनाला लागतं" हे तुम्ही शेवटी लिहिलंत, पण मी तिथूनच सुरुवात करते. चौघं खेळत असले तर हार वाटली जाते. दोघंच असले की ती सगळी एकाच्याच पदरात पडते, आणि तोच माणूस नंतर आपल्या शेजारी झोपणार असतो. म्हणून निदान सुरुवातीला असे खेळ घ्या, ज्यात तुम्ही दोघं एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला. हौशी नाटकवाल्यांच्या शिबिरांत मी बरीच वर्षं खेळ घेते आहे. त्यातले जे घरी रुजले ते सगळे याच जातीचे.

माझा सगळ्यात आवडता सांगते, पाठीला पाठ लावून चित्र काढण्याचा. दोघं जमिनीवर पाठीला पाठ टेकून बसायचं. एकाकडे एखाद्या साध्या वस्तूचं चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्याने वर्णन करायचं, पण वस्तूचं नाव घ्यायचं नाही आणि तिच्या भागांचीही नावं घ्यायची नाहीत, फक्त गोल, रेघ, लांब, आखूड, डावीकडे, उजवीकडे. पहिल्या फेरीत ऐकणाऱ्याने प्रश्न विचारायचे नाहीत. दुसऱ्या फेरीत विचारायचे.

आमच्याकडची एक फेरी सांगते. नवरा म्हणाला, "दोन सारखे गोल काढ, शेजारी शेजारी, मधे अंतर सोड." काढले. "आता दोन्ही गोलांना जोडणारी रेघ." माझ्या मनात झालाच चष्मा. पुढे तो म्हणाला, "मधोमध वर एक त्रिकोण", तो मी नाकाच्या जागी उलटा बसवला. "उजव्या गोलाच्या वर एक वाकडी दांडी" म्हटल्यावर मी चष्म्याची काडी छान कानामागे वळवली. कागद शेजारी शेजारी ठेवले तर त्याच्याकडे सायकल! हसून हसून पाठीची पाठ सुटली आमची. पण पुढचं मला त्याहून मोलाचं वाटतं. दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारायला लागल्यावर दिसलं की तो कुठलीही गोष्ट सुट्या भागांपासून सांगत जातो आणि पूर्ण आकार अगदी शेवटी हातात देतो. मी उलट, आधी सगळी चौकट सांगते आणि बारकावे राहून जातात. आणि तो "वर" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात कागदाची वरची कड असते, माझ्या डोक्यात त्या वस्तूची वरची बाजू. आता "ते वरती ठेवलंय" असं कुणी म्हणालं की आम्ही आधी एकमेकांकडे बघतो.

हे आमच्यापुरतंच नाही. केनेथ सावित्स्की, बोअझ केसार, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनीही जोडप्यांना पाठमोरं बसवून दोन अर्थ निघतील अशी वाक्यं बोलायला लावली होती. आपलं बोलणं जोडीदाराला अनोळखी माणसापेक्षा नक्कीच जास्त कळेल अशी प्रत्येकाची खात्री. प्रत्यक्षात जोडीदारांना ते परक्या माणसांपेक्षा जास्त कळलं नाही. जवळच्या माणसाला सगळं माहीतच आहे असं धरून आपण अर्धं बोलतो आणि अर्धं ऐकतो. खेळात ते हसत हसत उघडं पडतं, कुणाला दोष न देता. म्हणून हा खेळ मी सगळ्यांच्या आधी सुचवते.

मूल झोपलेलं असताना चालेल असा दुसरा: गाणं टकटक करून ओळखायचं. टेबलावर नको, समोरच्याच्या तळहातावर बोटाने ताल धरायचा. गुणगुणायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत. करणाऱ्याच्या कानात पूर्ण गाणं वाजत असतं, त्यामुळे "एवढं सोपं कसं ओळखत नाहीस" असं त्याला मनापासून वाटतं. समोरच्याला मात्र नुसते ठोके लागतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली हेच करून पाहिलं. ठोके देणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील, आणि १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. हा आकडा नवऱ्याला आधीच सांगून ठेवा. मग न ओळखणं ही हार राहत नाही आणि एखादं ओळखलंत तर दोघांची दिवाळी.

तिसरा खेळ दिवसाचा. आज आपल्या बाबतीत घडलेल्या तीन गोष्टी सांगायच्या, त्यातली एक बनवलेली. दुसऱ्याने खोटी कुठली ते हुडकायचं. "आज कसा गेला दिवस?" या प्रश्नाला "ठीक" एवढंच उत्तर येतं ना, त्यावर हा फार चांगला उपाय आहे. खोटी गोष्ट पचवायची तर खऱ्या दोन गोष्टी नीट तपशिलात सांगाव्या लागतात. लिफ्टमध्ये कोण भेटलं, मिटिंगमध्ये कुणाची खुर्ची मोडली, हे सगळं आपसूक बाहेर येतं. ऐकणाराही कान देऊन ऐकतो, कारण त्याला चोर पकडायचा असतो.

बाकी पथ्यं थोडीच. फोन दुसऱ्या खोलीत. वीस मिनिटांत थांबायचं, रंगात आलं असलं तरी, किंबहुना रंगात आलं असेल तर नक्कीच, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणीतरी आपणहून विचारतं. कुठला खेळ ते एक दिवस तुम्ही ठरवा, एक दिवस त्याने. कुणालाही कधीही "पास" म्हणता आलं पाहिजे आणि त्यावर "का?" विचारायचं नाही. शेवटचं पथ्य फार महत्त्वाचं: खेळाच्या आडून जुनी तक्रार काढायची नाही. तीन गोष्टींमध्ये "आज तू माझा फोन उचलला नाहीस" ही गोष्ट आली की खेळ तिथेच मेला.

क्षितिजापार

रंगपीठ, फार छान लिहिलंत. मी अजून एक सुचवतो. एकमेकांना विचारायचे ते छत्तीस प्रश्न नेटवर सगळीकडे आहेत. ते विचारले आणि शेवटी चार मिनिटं डोळ्यांत बघितलं की माणसं प्रेमात पडतात म्हणे. जोडप्यांसाठी तयार खेळच आहे.

रंगपीठ

क्षितिजापार, प्रश्न सुंदर आहेत, पण निळी शाईंच्या नवऱ्यासाठी मी ते पहिल्या आठवड्यात बाहेर काढणार नाही. आर्थर एरन आणि सहकाऱ्यांनी ते १९९७ साली प्रसिद्ध केले ते प्रयोगशाळेत जोड्यांमध्ये थोड्या वेळात जवळीक निर्माण करता यावी म्हणून, प्रेम जुळवण्यासाठी नाही. बऱ्याचशा जोड्या एकमेकांना अनोळखी होत्या. प्रश्नांचे तीन टप्पे, एकूण वेळ पाऊण तास. ती चार मिनिटांची नजरानजर त्या छापील कृतीत नाहीच, ती नंतर लोकांच्या तोंडी चिकटली. आणि प्रश्न टप्प्याटप्प्याने खोल जातात. पहिल्या टप्प्यात फोन करण्याआधी काय बोलायचं याची मनात उजळणी करता का असा हलका प्रश्न आहे, शेवटी शेवटी घरातल्या कुणाच्या मृत्यूने सर्वात जास्त हलून जाल असं विचारलंय. "नात्याबद्दल बोलू" म्हटल्यावर आकसणाऱ्या माणसाला पहिल्याच रात्री तिथे नेऊ नये.

त्याच एरन मंडळींचं २०००चं काम मला या धाग्यासाठी जास्त जवळचं वाटतं. त्यात जोडप्यांच्या एकेका मनगटाला आणि घोट्याला पट्टा बांधून जोडायचे आणि त्या अवस्थेत गादीवरून रांगत पलीकडे जाऊन परत यायला सांगायचे. मधे एक अडथळा आणि दोघांच्या अंगांमध्ये दाबून धरलेली उशी, तिला हात लावायचा नाही. सगळं मिळून सात मिनिटं. दुसऱ्या गटाला नुसता संथपणे चेंडू ढकलण्याचं काम दिलं. आधी आणि नंतर नात्याबद्दल विचारलं, तर रांगणाऱ्या जोडप्यांचं समाधान जास्त वाढलेलं. त्याआधी १९९३ मध्ये दहा आठवड्यांचा एक अभ्यास झाला होता. तिथे एका गटाने आठवड्यातून दीड तास "आवडीचं, सुखाचं" काहीतरी केलं, दुसऱ्याने "नवं, थरारक वाटणारं" काहीतरी केलं. फायदा दुसऱ्या गटाला झाला. नुसतं सोबत बसून बरं वाटणं पुरत नाही, दोघांनाही न येणारं काहीतरी दोघांनी मिळून करावं लागतं. ज्यात एक जण तरबेज आहे आणि दुसरा शिकाऊ, तिथे लगेच मास्तरकी सुरू होते.

म्हणून आमच्याकडे "दोघांचे मिळून दोन हात" हा खेळ फार चालतो. शेजारी शेजारी उभं राहायचं, आतला हात एकमेकांच्या कमरेभोवती, बाहेरचा मोकळा. आता एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा असे दोनच हात वापरून बुटाची नाडी बांधायची, शर्टाची बटणं लावायची, कागदात वस्तू गुंडाळून दोरी आवळायची. पहिली दोन मिनिटं दोघंही हुकूम सोडतात. मग हळूहळू बोलणं कमी होतं, आणि गाठ बसताना दोन वेगळ्या माणसांची बोटं एकमेकांना वाट करून देतात. ते करूनच बघा, लिहून नीट सांगता येत नाही मला.

छत्तीस प्रश्नांची हौस असेल तर महिनाभराने आणा, आणि अशा पद्धतीने: प्रत्येकाने स्वतःचं उत्तर एका चिठ्ठीवर लिहायचं आणि जोडीदार काय लिहील ते दुसऱ्या चिठ्ठीवर. मग ताडून बघायचं. गुण मात्र चुकलेल्या अंदाजाला द्यायचा, कारण नवीन काही कळलं ते तिथेच. हरणं लागणाऱ्या माणसाला हा नियम विशेष आवडतो.

थेट_सांगतो

मतभेद नोंदवतो. चाळिशीतल्या माणसांनी रात्री पाठीला पाठ लावून गोल-चौकोन काढायचे हे मला पटत नाही. मोकळेपणाने बोला, हा खरा मार्ग. खेळ ही पळवाट आहे. आणि ज्यांच्यात खरंच काही बिनसलंय त्यांनी काय करायचं?

रंगपीठ

बिनसलेल्यांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मनात खोल राग असेल, विश्वास तुटला असेल किंवा घरात कुणाची भीती वाटत असेल, तर खेळ हा उपाय नव्हे. तिथे समुपदेशकाकडे जावं, आणि भीती असेल तर आधी आपल्या सुरक्षिततेचं बघावं. पण निळी शाईंनी "भांडण नाही, अबोला नाही" असं स्पष्ट लिहिलंय. त्यांच्याकडे बोलायचे विषय आटलेत, माणसं नाहीत.

"मोकळेपणाने बोला" हे सांगायला सोपं आहे. समोरासमोर बसून बोलायचं म्हटलं की काही माणसांना परीक्षेला बसल्यासारखं होतं. हात कामात असले, नजर कागदावर असली की तीच माणसं भडाभडा बोलतात. शिबिरात मी हे सतत बघते. शिवाय जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचा सहा वर्षांनी मागोवा घेतला तेव्हा मोठमोठ्या गप्पांपेक्षा बारीकसारीक हाकांना महत्त्व निघालं. "हे बघ ना", "ऐकलंस का" अशी एकाने घातलेली छोटी साद. टिकलेल्या जोडप्यांनी अशा सादेला शंभरातल्या ८६ वेळा प्रतिसाद दिला होता, पुढे वेगळ्या झालेल्यांनी ३३ वेळा. खेळात अशी साद दर मिनिटाला घातली जाते आणि तिला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर खेळ पुढे सरकत नाही. वयाचा यात काही संबंध मला दिसत नाही.

तिसरी_पाळी

आमच्या पाळ्या वेगळ्या. तो घरी येतो तेव्हा मी निघते. त्यामुळे अर्धा तास एकत्र हा प्रकारच नाही. आम्ही दाराजवळच्या कपाटावर बुद्धिबळाचा पट मांडून ठेवलाय. येता-जाता एकेक चाल. चाल केली की पटाच्या कडेला असलेलं बटण आपल्या बाजूला सरकवायचं, म्हणजे कुणाची पाळी ते कळतं. चालीसोबत एक चिठ्ठी सोडायची असा नियम नंतर आपोआप आला. "वजीर वाचव, आणि नीट झोप" अशा. एकेक डाव आठवडेच्या आठवडे चालतो. कामावर असताना मधेच त्याचा घोडा डोळ्यांसमोर येतो आणि बरं वाटतं.

रंगपीठ

तिसरी पाळी, किती सुंदर! ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी याच चालीवर एक सांगते. एका वहीत अर्धंच चित्र काढून उघडं ठेवून द्यायचं, काही न बोलता. दुसऱ्याने जमेल तेव्हा त्यात भर घालायची. जोडीदार तयार होत नाही ही तक्रार बऱ्याच जणांची असते, तिथे हे हमखास चालतं, कारण विचारायचंच नाही. मी एकदा नुसता एक जिना काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या वरच्या पायरीवर एक छत्री उभी होती.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन-तीन गोष्टी करून पाहिल्या, म्हणून कळवायला आले.

पाठीला पाठ जमलं. "चित्र काढायचंय" म्हटल्यावर तो जरा कुरकुरला, पण पहिला कागद वळवल्यावर त्यानेच दुसरी फेरी मागितली. मी टेबलफॅन सांगत होते, त्याने सूर्यफूल काढलं, आणि अजून ते त्याला सूर्यफूलच वाटतंय! तळहातावरच्या गाण्यांत आम्हाला एकही ओळखता आलं नाही, पण १२० पैकी ३ हा आकडा आधी सांगितल्यामुळे तो ईर्षेने पेटलाय, रोज एक तरी ओळखायचंच म्हणतो. तीन गोष्टींच्या खेळात मला कळलं की ऑफिसात त्याची जागा बदलून दोन महिने झाले, आणि हे मला माहीत नव्हतं. थोडा वेळ कसंतरी झालं खरं, पण मग त्याने नवीन खिडकीतून काय दिसतं ते सगळं सांगितलं.

एक मात्र फसलं. मी मनानेच डोळे बांधून घरात एकमेकांना आवाजाने वाट दाखवायचा खेळ काढला. डोळ्यांवर रुमाल बांधल्याबरोबर त्याने तो काढून टाकला, नको म्हणाला. मी जोर केला नाही. हा खेळ सोडून द्यावा की काही वेगळ्या रीतीने करता येईल?

रंगपीठ

जोर केला नाहीत हे उत्तम. डोळे बांधणं बऱ्याच जणांना सहन होत नाही, शिबिरातही दर वेळी एक-दोन जण असतातच. आम्ही त्यांना रुमाल देतच नाही. डोळे नुसते मिटायचे, हवे तेव्हा उघडायची मुभा. आणि चालायचं नाही, एका जागी बसूनच. तुम्ही घरातल्या वस्तू एकेक करून त्याच्या हातात द्या, त्याने बोटांनी चाचपून ओळखायच्या. किल्ली, कंगवा असं लगेच कळणारं आधी द्या, मग मुलाच्या खेळण्यातला एखादा सुटा भाग, बंद पडलेल्या घड्याळाचा पट्टा. पहिल्यांदा डोळे तुम्ही मिटा आणि वस्तू त्याला निवडू द्या. तो काय काय शोधून आणतो ते बघण्यासारखं असेल. तरीही नको म्हणाला तर सोडून द्या आणि दोन हातांनी नाडी बांधायला घ्या. फक्त बूट जरा लांब नाडीचा निवडा, आखूड नाडीत चार बोटं मावत नाहीत.